'आठवणी म्हणजे अभ्यास नव्हे' : एका वाचकाला उत्तर

नमस्कार.

पर्यावरणाच्या दृष्टीने थंड पेयाला काचेची बाटली बरी, या माझ्या लेखावर तुम्ही काच महागात पडते, अ‍ॅल्युमिनियमचा कॅन पुन्हा वितळवता येतो आणि कागदी खोकंही चालतं, असे तीन मुद्दे काढलेत आणि शेवटी लिहिलंत, "गोटी सोड्याच्या आठवणी म्हणजे अभ्यास नव्हे." मुद्दे राहिले बाजूला, झोंबलं ते हे वाक्य. झोंबावं म्हणूनच लिहिलंत ना? विचारायचीही एक रीत असते हो.

एक मान्य. काचेची भट्टी १५०० अंशांच्या आसपास तापवावी लागते, बाटली जड, म्हणून ट्रकचं डिझेलही जास्त. एकदा पिऊन फेकली तर काच प्लॅस्टिकपेक्षा महागात पडते. 'परत येणारी बाटली' असं मी स्पष्ट लिहायला हवं होतं. झालं समाधान?

आता आठवणी. बेळगावजवळच्या खानापुरात आमच्या वडिलांचं सोड्याचं दुकान होतं. सातवीत असल्यापासून मी बाटल्या विसळल्यात, बोटांची सालं निघेपर्यंत. बाटली उजेडात धरली की पोटावर एक पांढरट, खरखरीत कडं दिसायचं. क्रेटमध्ये शेजारच्या बाटलीला घासून घासून पडलेलं. कडं जितकं रुंद, तितक्या फेऱ्या जास्त. नव्या बाटलीला ते नसतंच. तुमच्या अभ्यासात हे कडं कुणी मोजलंय का?

भट्टीचा खर्च २० फेऱ्यांत वाटला की प्रत्येक फेरीला विसावा हिस्सा येतो. वर धुण्याचं पाणी आणि ने-आण. आमची ने-आण फार तर नंदगडच्या बाजारापर्यंत. आणि अनामत ठेवल्याशिवाय वडील बाटली दुकानाबाहेर जाऊ देत नसत, अगदी सख्ख्या मामालासुद्धा. म्हणून ती परत यायची. एवढं गणित सोडावाल्याच्या पोराला येतं, साहेब.

कॅन पुन्हा वितळवला की ९५ टक्के ऊर्जा वाचते, हे तुम्ही मला बेळगावात बसून सांगता! इंडाल या अ‍ॅल्युमिनियम कंपनीचा कारखाना जिथे उभा राहिला, त्या गावात बॉक्साइट, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं खनिज, काय असतं हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. चार टन बॉक्साइट खणावं तेव्हा टनभर धातू हाती लागतो, आणि विजेचा खरा खर्च हा धातू काढतानाच होतो. खोक्याचं म्हणाल तर कागद, प्लॅस्टिक आणि अ‍ॅल्युमिनियमचे चिकटवलेले थर आपल्याकडचा कुठला भंगारवाला सोडवत बसतो, ते तुम्हीच सांगा. त्यावर मी वेळ घालवणार नाही.

तुम्ही टिळकवाडीचे, असं लिहिलंत. वडिलांची एक बाटली अजून माझ्या कपाटात आहे. कधी आलात तर कडं दाखवतो. घरी न्यायची असेल तर अनामत पडेल.