तारखा घ्या, व्हाउचर नको

महाराष्ट्रात आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के जागांचा, म्हणजे खासगी शाळांत गरीब आणि वंचित मुलांसाठी राखलेल्या मोफत जागांचा वाद पेटला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: अमेरिकेसारखे फीचे सरकारी पैसे, म्हणजे व्हाउचर, सरळ पालकांच्या हाती द्या, मग बघा शाळा कशा वठणीवर येतात. टेक्ससमध्ये बसून हे ऐकताना गंमत वाटते. इथे तो कायदा नुकताच झालाय आणि पालकांच्या हाती नेमकं काय पडतं, ते त्यात कलमवार लिहिलेलं आहे.

३ मे २०२५ रोजी गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी व्हाउचर आणणाऱ्या सिनेट बिल २ वर सही केली. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांच्याच रिपब्लिकन पक्षाच्या ग्रामीण आमदारांनी विरोधकांबरोबर मतदान करून हीच कल्पना ८४ विरुद्ध ६३ मतांनी पाडली होती. त्यांचं गणित साधं होतं. गावात खासगी शाळाच नाही, मग तिथे व्हाउचर वटवायचं कुठे? २०२४ च्या पक्षांतर्गत निवडणुकीत ॲबट यांनी त्यातल्या अनेकांना घरी बसवलं आणि वाट मोकळी केली.

योजनेला पहिली तरतूद एक अब्ज डॉलरची, सुरुवात २०२६-२७ च्या शालेय वर्षापासून. खासगी शाळेत जाणाऱ्या मुलाच्या खात्यावर साधारण साडेदहा हजार डॉलर, घरी शिकणाऱ्याला दोन हजार, दिव्यांग मुलाला गरजेनुसार तीस हजारांपर्यंत. नागरिकत्वाची अट नाही, देशात कायदेशीररीत्या दाखल झालेलं मूल चालतं. मात्र पैसे पुरले नाहीत तर रांग लागते. आधी दिव्यांग मुलं (कुटुंबाचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या पाचपटीच्या आत हवं), मग दुपटीच्या आतली कुटुंबं, मग दुपट ते पाचपट. त्याहून वरच्यांना एकूण निधीच्या जास्तीत जास्त २० टक्के. २०२५ च्या आकड्यांनुसार चौघांच्या कुटुंबाची दारिद्र्यरेषा ३२,१५० डॉलर, म्हणजे पाचपट १,६०,७५०. डॅलसच्या उपनगरांतली दोन पगारांची आयटीतली मराठी घरं बहुतेक या शेवटच्या डब्यात. त्यांनी आशेवर राहू नये.

खरी मेख पुढे आहे. टेक्ससच्या सोडतीत खातं मिळतं, शाळेतली जागा मिळत नाही. शाळेची प्रवेश परीक्षा, मुलाखत, धर्माची अट, भावंडांना प्राधान्य, सगळं जसंच्या तसं राहतं. फी खात्यातल्या रकमेपेक्षा जास्त असेल तर फरक पालकांनी भरायचा. पैसे पालकांच्या बँकेत येतच नाहीत, राज्याने नेमलेल्या प्रणालीतून शाळेला जातात. दिव्यांग मुलाच्या पालकांनी तर दोनदा विचार करावा: मोठी रक्कम मिळवायला सरकारी शाळा-जिल्ह्याने (स्थानिक सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेने) केलेला वैयक्तिक शिक्षण आराखडा लागतो, पण मूल खासगी शाळेत गेलं की त्याच आराखड्यामागचे केंद्रीय कायद्याचे बहुतेक हक्क मागे राहतात. म्हणजे निवड शाळेची. पालकाची नव्हे.

हे पहिल्यापासून असं नव्हतं, हे आपल्याकडचे व्हाउचरवाले सांगत नाहीत. १९९० मध्ये विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी शहरात सुरू झालेल्या व्हाउचर योजनेत उत्पन्नाची मर्यादा होती, अर्ज जास्त आले तर शाळेला चिठ्ठ्या टाकाव्या लागत आणि व्हाउचरची रक्कम हीच पूर्ण फी मानावी लागे. आरटीईच्या किती जवळचं आहे बघा! पुढे राज्याराज्यांत कायदे रुंदावत गेले. २०२२ मध्ये ॲरिझोनाने, २०२३ मध्ये फ्लोरिडाने दार सगळ्यांना उघडलं, तेव्हा चिठ्ठ्या आणि फीचं बंधन दोन्ही गळून पडलं होतं. मिलवॉकीची योजना लढून आणणाऱ्या आमदार पॉली विल्यम्स स्वतःच नंतर उत्पन्नाची मर्यादा सैल करायच्या विरोधात गेल्या.

महाराष्ट्रातली २५ टक्क्यांची तरतूद या कसोटीवर अजून भक्कम आहे. सोडतीत नाव आलं, पडताळणी समितीकडे कागद बरोबर निघाले, की शाळेला नाही म्हणता येत नाही आणि फी घेता येत नाही. अडतं ते भलतीकडेच: अर्ज भरताना नकाशावर घराची खूण चुकीच्या जागी लावली, एकाच मुलाचे दोन अर्ज केले, भाडेकरार नोंदणीकृत नव्हता. या चुका दुरुस्त करायला व्हाउचर लागत नाही. अर्ज नीट तपासणारा एक माणूस पुरतो.

पण शुल्क प्रतिपूर्ती, म्हणजे या मुलांची फी सरकारने शाळेला भरून देणं, ही आपली खरी दुखरी नस. आरटीईच्या कलम १२(२) मध्ये शाळेला पैसे द्यायचं बंधन आहे, पण तारीख नाही आणि उशिराचं व्याजही नाही. टेक्ससच्या कायद्यात तारखा आहेत: १ जुलैपर्यंत किमान पाव रक्कम, १ ऑक्टोबरपर्यंत किमान निम्मी, १ एप्रिलपर्यंत उरलेली. यातही खोट आहेच, शाळा जागेची अनामत वसंतातच मागते आणि ती पालकाच्या खिशातून जाते. तरी शाळेला हिशोब मांडता येतो. मुख्य म्हणजे टेक्सस आधी रक्कम बाजूला काढतं, मग मुलं घेतं. आपण आधी मुलं घेतो आणि मग रक्कम शोधत बसतो.

आणि ती शोधायला लागू नये. राज्यात वर्षाला साधारण एक लाख जागा, दर मुलामागे १७,६७० रुपये. म्हणजे एका तुकडीचे सुमारे १७७ कोटी, पहिली ते आठवी मिळून फार तर १,४१४ कोटी. जागा रिकाम्या राहतात, मुलं गळतात, त्यामुळे खर्च याच्या आतच. सोडतीच्या दिवशीच पुढच्या आठ वर्षांचं देणं सरकारला कळलेलं असतं. ते अर्थसंकल्पात वेगळ्या लेखाशीर्षाखाली मार्चमध्येच ठेवायचं सोडून सरकारने ९ फेब्रुवारी २०२४ ला नियमच बदलला: सरकारी वा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट. देणी कमी करायचा हा सोपा मार्ग मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ ला बंद केला. तेव्हापासून थकबाकीचा प्रश्न होता तिथेच आहे, आणि संस्थाचालकांची नाराजीही.

टेक्ससकडून उचलायचीच तर आणखी एक गोष्ट आहे. इथलं खातं बारावीपर्यंत चालतं. आपला हक्क आठवीला संपतो. नववीच्या जूनमध्ये तीच शाळा, तोच बाक, आणि हातात पूर्ण फीची पावती.