मेकॉले त्या दिवशी कुठे होता? – ‘एक त्रस्त गुरुजी’ यांना उत्तर

गुरुजी, नमस्कार.

शाळेच्या परिपाठात काही वाचून दाखवण्याआधी ते शोधून पाहावं, या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं: चार वर्गांना दोन शिक्षक, त्यात मतदार याद्यांचं बीएलओचं काम, पोषण आहाराच्या नोंदी, रोज भरायची एखादी लिंक, अशा माणसाला ‘संशोधन करा’ सांगणं म्हणजे एसीत बसून उपदेश. दुसरं, गुगल पोरांनाही येतं, त्यात शिकायचं काय? आणि तिसरं, सगळ्यात झोंबणारं: मेकॉले, म्हणजे इथे इंग्रजी शिक्षणाचा आग्रह धरणारा ब्रिटिश अधिकारी, त्याच्या नावाने फिरणारा उतारा खोटा म्हणून मी त्याची वकिली करतोय.

एसी नाही हो. पत्र्याखाली बसून लिहितोय. कामाच्या ओझ्याबद्दल तुम्ही लिहिलंय त्यातला एक शब्दही मी खोडणार नाही, ते सगळं मीही भोगलंय.

वकिलीचं मात्र नीट सांगायला हवं. ‘मी भारतभर फिरलो, मला एकही भिकारी, एकही चोर दिसला नाही, या देशाचा कणा मोडायचा तर त्याची शिक्षणपद्धती बदला’ हा उतारा मी स्वतः एका १५ ऑगस्टला माईकवरून वाचलाय. टाळ्याही मिळाल्या. कार्यक्रमानंतर जिलेबी खाता खाता एका आजोबांनी विचारलं, “गुरुजी, हे तो कुठं म्हणाला?” मी ठोकून दिलं, “ब्रिटिश पार्लमेंटात, २ फेब्रुवारी १८३५ला.” आजोबा म्हणाले, “पण तो तर इकडं होता ना तेव्हा?” मी हसून वेळ मारून नेली.

रात्री शोधायला बसलो आणि तुम्ही-आम्ही सगळेच करतो तेच केलं: उताऱ्यातलं वाक्य जसंच्या तसं टाकलं. ढीगभर पानं आली, प्रत्येकावर तेच भाषण, तीच तारीख. एवढे लोक लिहितायत म्हणजे खरंच असणार, असं म्हणून फोन ठेवला. एकाच विहिरीचं पाणी शंभर घागरींत भरलंय, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

लक्षात आलं ते दोन दिवसांनी, आजोबांचा प्रश्न परत आठवला तेव्हा. मग उतारा बाजूला ठेवला आणि माणूस शोधला. मेकॉले १८३४च्या जूनमध्ये बोटीने मद्रासला उतरला. तिथून निलगिरीत जाऊन गव्हर्नर जनरल बेंटिंकला भेटला, मग कलकत्त्याला गेला, आणि परत गेला तो थेट १८३८मध्ये. तेव्हाचा समुद्रप्रवास एका बाजूने तीन-चार महिन्यांचा. म्हणजे त्या तारखेला तो लंडनला असणं शक्यच नव्हतं. पुढची गंमत तर आणखी मोठी. ब्रिटिश संसदेतल्या चर्चांची जुनी इतिवृत्तं, ज्यांना हॅन्सर्ड म्हणतात, इंटरनेटवर फुकट आणि तारीखवार आहेत. १८३५चा फेब्रुवारी उघडला तर कामकाज सुरू होतं १९ तारखेला. आधीची संसद डिसेंबरअखेर बरखास्त झालेली, निवडणुका चालू. २ फेब्रुवारीला तिथे भाषण ऐकायला सभागृहच नव्हतं!

मग ती तारीख आली कुठून? त्याच तारखेचं मेकॉलेचं शिक्षणावरचं टिपण आहे, कलकत्त्यात लिहिलेलं. ते खरं आहे, पूर्ण वाचायला मिळतं. त्यात तो म्हणतो की चांगल्या युरोपीय ग्रंथालयाचं एक फडताळ भारत आणि अरबस्तानच्या सगळ्या वाङ्मयाच्या तोलाचं आहे. रक्ताने आणि रंगाने भारतीय, पण आवडीनिवडी, मतं, नीती आणि बुद्धीने इंग्रज असा वर्ग घडवायचा, हेही त्यातच. आता सांगा, मी त्याची वकिली कुठे केली? त्याच्यावर राग काढायला खरा मजकूर पुरून उरतो. खोट्या उताऱ्यात उलट तो आपली स्तुती करतो, आणि आपण ती खुशीने ऐकतो.

आता ‘गुगल पोरांनाही येतं’. टाइप करणं येतं. पण जे म्हटलंय तेच परत शोधलं तर तेच परत मिळतं. ते खोटं ठरवू शकेल अशी गोष्ट शोधायची असते: माणूस त्या दिवशी कुठे होता, ती संस्था तेव्हा होती का, मूळ कागद कुठे ठेवलेला असतो. आणि तुम्हाला हे येत नाही असं मी म्हणतच नाही. महागाई भत्त्याचा शासन निर्णय ग्रुपवर आला की आपण काय करतो? शेवटच्या पानावर जातो, ‘त्याचा संकेतांक … असा आहे’ ही ओळ बघतो, तो अठरा आकडी नंबर शासनाच्या संकेतस्थळावर टाकतो. सुरुवातीच्या आठ आकड्यांत वर्ष, महिना, दिवस असतो आणि तो वरच्या तारखेशी जुळत नसेल तर शंका येते, हेसुद्धा स्टाफरूममध्ये निम्म्या लोकांना पाठ आहे. पगाराच्या कागदाला आपण एवढं पारखतो. मेकॉलेला कुणी संकेतांक विचारत नाही, एवढंच.

एका बाबतीत मात्र तुमचं खरं आहे. मराठीत शोधणं मुद्दाम अवघड करून ठेवल्यासारखं आहे. मेकॉले, मॅकॉले, मेकाले असं तिन्ही टाकून बघावं लागतं. जुन्या पुस्तकांत ‘शाळेंत’, ‘नाहीं’ असे अनुस्वार असतात, आपण आजच्या पद्धतीने टाकलं की ती पानं निसटतात. बऱ्याच जुन्या सरकारी पीडीएफ युनिकोड येण्याआधीच्या फॉन्टमधल्या. डोळ्यांना मराठी दिसतात, संगणकाला मात्र नुसती अक्षरांची भेळ. तिथे शोधून न सापडणं म्हणजे ते नाहीच, असं समजू नका.

आणि रेंज नसलेल्या पाड्यावर यातलं काहीच होत नाही, हेही कबूल. तिथे मी एवढंच करतो की न तपासलेला उतारा त्या दिवशी वाचत नाही, गोष्ट सांगतो.

मूळ लेखात ‘हे दहा मिनिटांचं काम आहे’ असं मी लिहिलं होतं. मला स्वतःला दोन रात्री लागल्या होत्या, त्यात पहिली फुकट गेली. ते वाक्य आज काढून टाकलंय.