‘पाणी उताराला जातं’ हे मलाही ठाऊक आहे

आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘जर्मनीत माइन आणि डॅन्यूब या नद्या जोडणाऱ्या ऱ्हाइन-माइन-डॅन्यूब कालव्यावर लिहिण्याआधी लेखकाने शाळेतला भूगोल उघडायला हवा होता. दोन नद्या जोडल्या की उंचावरच्या नदीचं पाणी खालच्या नदीत उतरणारच, म्हणजे डॅन्यूब आटणार,’ असं आपण लिहिलंत. शंका म्हणून विचारलं असतंत, तर दोन ओळींत उत्तर दिलं असतं. माझी शाळा काढलीत, म्हणून आता सविस्तर.

आधी आपलं बरोबर आहे ते. याच दोन नद्या जोडणारा जुना लुडविग कालवा 1836 मध्ये ‘सुरू झाला’ असं मी लिहिलं होतं. त्या वर्षी खोदकाम सुरू झालं. कालवा पुरा झाला 1846 मध्ये. दुरुस्ती केली आहे, आभार.

आता पाण्याचं. बांबेर्गला, म्हणजे माइनकडच्या टोकाला, पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे 231 मीटर. डॅन्यूबवरच्या केलहाइमला सुमारे 338. आपण हे दोनच आकडे पाहिलेत आणि मनाशी घसरगुंडी आखून मोकळे झालात. मधला आकडा राहिला: 406. हिल्पोल्टश्टाइन ते बाखहाउझेन हा साडेसोळा किलोमीटरचा माथ्याचा टप्पा दोन्ही नद्यांच्या वर आहे. 171 किलोमीटरचा हा कालवा म्हणजे घाट आहे. माइनकडून 11 जलपाशांनी (लॉक म्हणा हवं तर; दोन्हीकडे दरवाजे असलेला हौद, पाणी भरलं की बोट वर येते, सोडलं की खाली जाते) 175 मीटर चढायचं आणि पलीकडे 5 जलपाशांनी 68 मीटर उतरायचं. एका नदीचं पाणी घाट चढून आपोआप दुसरीत जाईल कसं?

खरी भीती उलटी, माथा कोरडा पडण्याची. एक बोट घाट ओलांडून गेली की माथ्यावरून दोन्ही बाजूंना एकेक जलपाशभर पाणी खाली जातं. हिल्पोल्टश्टाइनच्या जलपाशाचा खाना 190 मीटर लांब, 12 मीटर रुंद आणि चढ 24.67 मीटर. गुणाकार आपणच करा. सुमारे 56 हजार घनमीटर येतात, तेही एका खेपेला.

म्हणून शेजारी पायऱ्यांसारख्या तीन बचत-टाक्या बांधल्या आहेत. खान्यातल्या पाण्याचे पाच सारखे थर कल्पा. रिकामं करताना वरचे तीन थर एकामागून एक, प्रत्येक आपल्यापेक्षा एक थर खाली असलेल्या टाकीत, निव्वळ उताराने जातात. खालचे दोनच थर खालच्या टप्प्यात सोडावे लागतात. भरताना सर्वांत खालची टाकी आधी, मग मधली, मग वरची. उरलेले दोन थर माथ्यावरून घ्यायचे. बचत 60 टक्के. टाकीची झडप पातळ्या जुळायच्या आत मिटली तर तेवढी तूट माथ्यावर पडते. अगदी शेवटच्या बोटभर पाण्यासाठी थांबलं तर बोटीचा खोळंबा. दहा टाक्या का नाहीत? कागदावर बचत 83 टक्क्यांवर जाते, पण प्रत्येक थर बारीक होतो, दोन पातळ्यांतला फरक (हेड) कमी पडून पाणी सावकाश वाहतं आणि प्रत्येक झडपेमागे वेळ वाढत जातो.

उरलेली तूट पंप भरतात. केलहाइमपासून बाखहाउझेनपर्यंत पाचही जलपाशांशेजारी उपसा केंद्रं आहेत. आपल्याकडे म्हैसाळ योजनेत कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्याने चढवतात, तसंच. होय, त्यातलं बरंच पाणी माथ्यापलीकडे रोटझे तलावात आणि पुढे माइनच्या खोऱ्यात जातं. तिकडे पाण्याची टंचाई म्हणून, ठरवून, वीजबिल भरून. डॅन्यूबचा प्रवाह घटला की ही उचल थांबवतात. याला ‘उतरणं’ म्हणत नाहीत, साहेब. पाटबंधाऱ्याच्या कामात माझी तीस वर्षं गेली आहेत. पाणी कुठल्या बाजूला जातं हे शिकायला एवढी पुरावीत.

मालवाहतूक अपेक्षेइतकी झाली नाही, हा आपला दुसरा मुद्दा. नसेल झाली. 1992 मध्ये कालवा खुला होण्याच्या कितीतरी आधी खुद्द जर्मन वाहतूकमंत्री फोल्कर हाउफ यांनी त्याला बाबेलच्या मनोऱ्यानंतरचं सर्वांत मूर्ख बांधकाम म्हटलं होतं, तेव्हा यात नवीन काही नाही. माझा लेख बांधणीवर होता. 26 मार्च 1979 ला कात्सवांगला कालव्याचा भराव फुटला, त्याचा उल्लेख लेखात नाही हे खरं. त्यावर वेगळं लिहायचं आहे.

आणि नदीचं नाव ‘मेन’ नव्हे, माइन. ते मी बदलणार नाही.