टेंडर कोर्टात गेलं की पेशंट कुठे जातो?

आज एका साखरपुड्याला गेले होते. पंगतीत शेजारी नात्यातले एक गृहस्थ बसले होते. सरकारी कामांची कंत्राटं घेतात, गावात मान आहे. बोलता बोलता १०८ च्या ॲम्ब्युलन्सचा विषय निघाला, तर भातावर वरण घेता घेता ते म्हणाले, "अहो, टेंडर एकदा कोर्टात गेलं की दोन वर्षं निवांत. जुन्याला मुदतवाढ मिळतेच!" दोघं-तिघं हसले. माझा हात ताटातच थांबला.

तिथे गप्प बसले. दुसऱ्याच्या घरचं कार्य, नवरीमुलगी समोर, तमाशा कशाला. पण घरी आल्यापासून ते वाक्य डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहायला बसले. लांबेल. तरी वाचा.

माझ्या मामांचं गाव कोयनेच्या पाण्यापलीकडे आहे. बामणोलीहून लाँचने जावं लागतं. मागे एकदा गणपतीत मी तिथे होते. आरती झाली, जेवणं झाली, आणि रात्री मामा छाती धरून ओट्यावर बसले. बंडी घामाने भिजलेली आणि तोंडाने एकच, "काही नाही गं, पित्त झालंय." शेजारच्या मुलाने लाँच काढली. गणपतीत धरण भरलेलं असतं, त्यामुळे लाँच गावाच्या पायथ्याला लागते. उन्हाळ्यात पाणी मागे गेलं की तिथेच चिखल तुडवत उतरावं लागतं, त्या अवस्थेत मामांना कसं नेलं असतं देव जाणे. १०८ ला फोन केला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे सगळं विचारून घेतलं. जवळची गाडी एका बाळंतिणीला घेऊन साताऱ्याला गेली होती. ती मोकळी झाली की आमच्याकडे येणार.

आता त्या बाळंतिणीवर रागवायचं का? तिलाही तेवढीच गरज होती. गाडीवरच्या लोकांवर रागवायचं? ते तर धावतच होते. आम्ही बामणोलीच्या काठावर बसून राहिलो. मामांचं डोकं मामीच्या मांडीवर. कासच्या बाजूने उतारावर दिवे दिसले की मामी म्हणायची, "आली बघ," आणि निघायची कुणाची तरी जीप.

म्हणून मला हसू येत नाही.

२०१४ साली महाराष्ट्रात १०८ सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्या होत्या. २३३ मोठ्या, व्हेंटिलेटर वगैरे असलेल्या, आणि ७०४ साध्या. पुण्यात औंधला कॉल सेंटर, आणि प्रत्येक गाडीत डॉक्टर. ही योजना चांगली आहे हे मी कुठेही सांगेन, कारण मी ती काठावर बसून पाहिली आहे. पण २०११ च्या जनगणनेतच आपण सव्वाअकरा कोटी होतो. ९३७ गाड्या पुरतील कशा? मग २०२४ मध्ये नवीन टेंडर आलं. एकूण १,७५६ वाहनं. त्यात नवजात बाळांसाठी ३६ खास गाड्या, १६६ मोटरसायकली, आणि २५ बोटी. बोटी! मी तो आकडा वाचला तेव्हा खरंच डोळ्यांत पाणी आलं. मुंबईतल्या कुठल्यातरी टेबलावर कुणाला तरी आमच्या पाण्यापलीकडच्या गावांची आठवण झाली होती.

पुढे काय झालं ते तुम्ही बातम्यांत वाचलंच असेल. सुमीत फॅसिलिटीज, स्पेनची एसएसजी आणि बीव्हीजी या कंपन्यांच्या समूहाची निवड झाली. विजय वडेट्टीवार, रोहित पवार यांनी हजारो कोटींच्या घोटाळ्याचे आरोप केले, सरकारने सगळं नियमात असल्याचं सांगितलं, प्रकरण जनहित याचिकेतून मुंबई उच्च न्यायालयात गेलं. कोण खरं, कोण खोटं ते ठरवायला मी बसलेली नाही. आणि गाड्या लांबल्या त्याचं सगळं खापर मी कोर्टावरही फोडत नाही. मला एवढंच दिसतं की २०१४ च्या गाड्या दहा वर्षं पळाल्या, मुदतवाढीवर मुदतवाढ झाली, दहा वर्षांनंतरही त्याच पळत राहिल्या. आणि या सगळ्याचा हिशोब मांडताना मामी ज्या काठावर बसली होती तो काठ कुणाच्याच कागदात नाही.

माझा दीर वकील आहे. संध्याकाळी त्याला फोन करून तासभर पिडलं. त्याने एक गोष्ट सांगितली ती मला माहीत नव्हती. टेंडरच्या बाबतीत सरकारला मनमानी करता येत नाही, हा आपल्याकडचा गाजलेला निकाल १९७९ चा, रमणा शेट्टी खटला. आणि तो कशावरून? मुंबई विमानतळावरच्या रेस्टॉरंट आणि स्नॅक बारच्या कंत्राटावरून! सर्वोच्च न्यायालयाने ठणकावलं की स्वतः घातलेली अट सरकारी संस्थेला स्वतःला मोडता येणार नाही. पण कंत्राट मात्र रद्द केलं नाही. कारण तक्रार करणारा उशिरा आला होता आणि तोवर समोरच्याने खर्च करून काम सुरू केलं होतं. म्हणजे खाण्याच्या स्टॉलच्या भांडणातसुद्धा कोर्टाने वेळेला किंमत दिली. मग ॲम्ब्युलन्सच्या भांडणात किती द्यायला हवी?

दीर म्हणाला, "वहिनी, कायदा बराचसा तुमच्याच बाजूचा आहे." १९९४ च्या टाटा सेल्युलरच्या निकालात कोर्टाने सांगितलंय की आम्ही निर्णय कसा घेतला ते तपासू, निर्णय आमचा लादणार नाही. जगदीश मंडल खटल्यात दोन प्रश्न घालून दिले: व्यवहारात बदमाशी किंवा मनमानी झाली आहे का, आणि जनहिताला बाधा येते आहे का. दोन्हींचं उत्तर 'नाही' असेल तर हात घालू नका. आपल्या राज्य वीज मंडळाच्या एका कामावरून रौनक इंटरनॅशनलचा खटला झाला, त्यात तर कोर्ट म्हणालं की स्थगिती देण्याआधी जनतेचं नुकसान तोला, आणि स्थगिती मागणारा शेवटी हरला तर झालेल्या उशिराची भरपाई त्याच्याकडून घ्या. २०२२ मध्ये एन. जी. प्रोजेक्ट्सच्या निकालात आणखी स्पष्ट केलं: कंत्राट चुकीचं दिलं असेल तर पैशाने भरपाई द्या, काम अडवणं शक्यतो टाळा.

हे सगळं ऐकून मी जास्तच चिडले. कायदा असा आहे, मग ते गृहस्थ पंगतीत बसून हसतात कशाच्या जोरावर?

जोर तारखांचा असतो. स्थगिती नाही मिळाली तरी केस चालू आहे म्हटलं की कार्यालयातला प्रत्येक जण हात आखडता घेतो. सही करायची तर उद्या आपल्यावर शेकेल ही भीती. फाइल विधी विभागाकडे जाते, तिथून अभिप्राय येतो, अभिप्रायावर शेरा पडतो. तोवर जुन्याला तीन महिने, सहा महिने, आणखी थोडे. खरी लॉटरी ही मुदतवाढीची. तिला ना स्पर्धा, ना नवीन गाडीची अट. ज्याच्या हातात काम आहे त्याला घाई नाही, ज्याला हवंय त्याला हरकत घ्यायची आहे, आणि सरकारला दोघांच्या भांडणात सांगायला कारण मिळतं, "प्रकरण न्यायप्रविष्ट आहे."

न्यायप्रविष्ट! छातीत कळ आलेल्या माणसाला जाऊन सांगा हे.

आता सरकारबद्दल बोलते. ॲम्ब्युलन्सचं कंत्राट कधी संपणार हे सही होते त्याच दिवशी ठरलेलं असतं. तो काही भूकंप नव्हे. मग नवीन टेंडर वर्ष-दीड वर्ष आधी का निघत नाही? शेवटच्या घटकेला का काढायचं? टेंडर भरायला कमी मुदत का द्यायची? एखाद्यालाच बसतील अशा अटी घातल्याचा संशय दर वेळी, दर राज्यात का यावा? बिहारमध्ये २०२३ साली हेच झालं. सुमारे १,६०० कोटींचं १०२ ॲम्ब्युलन्सचं कंत्राट सत्ताधारी खासदाराच्या नातेवाइकांच्या कंपनीला गेल्याच्या बातम्या आल्या आणि प्रकरण पाटणा उच्च न्यायालयात. तुम्ही काम स्वच्छ आणि उघड्यावर करा, मग बघू कोण किती दिवस कोर्टात टिकतं. आमच्या शाळेत पोषण आहाराच्या तांदळाचं पोतं आलं तरी वजन करून, सही-शिक्का घेऊन उतरवतात. आणि हजारो कोटींच्या टेंडरच्या अटी कुणी, का बदलल्या हे आम्हाला विधानसभेतल्या गोंधळातून कळायचं?

हो, मान्य आहे, कोर्टाचं दार बंद केलं तर चोरांना रान मोकळं मिळेल. रमणा शेट्टी गेला नसता तर आज कुणालाच जाब विचारता आला नसता. जनहित याचिका करणाऱ्यांवर माझा राग नाही. दहा वर्षांचं कंत्राट आहे, एकदा चुकीच्या हातात गेलं तर दहा वर्षं भोगायचं आपल्यालाच. आणि खटला चालू असताना जुनी सेवा बंद पडत नाही, हेही खरं. पण जुनी सेवा म्हणजे जुन्याच संख्येची सेवा. म्हणजे बाळंतीण साताऱ्याला गेली की मामांनी काठावर थांबायचं.

त्या रात्रीचं पुढचं सांगते. शेवटी गाडी आली. पायलट, म्हणजे गाडीचा चालक, मेढ्याकडचा, डॉक्टर पंचविशीतला, लातूरकडचा मुलगा. साताऱ्याहून तसाच उलटा आला होता, बाह्या वर सारलेल्या, मनगटावर अजून आधीच्या धावपळीचा आयोडीनचा डाग. गाडी जुनी, सीटचं रेक्झिन फाटून चिकटपट्टी लावलेली, पण आत सगळं जागच्या जागी. हात मागे न बघता नेमक्या कप्प्यात जात होता. ऑक्सिजन लावला, बीपी घेतला, जिभेखाली गोळी दिली. मामीला म्हणाला, "आजी, तुम्ही पुढे बसा, मी आहे यांच्याजवळ." कासच्या वळणांवर तो मुलगा एका हाताने वरचा दांडा आणि दुसऱ्या हाताने मामांचा खांदा धरून उभाच होता, बसला नाही. साताऱ्याला आधीच फोन करून ठेवल्यामुळे दारात स्ट्रेचर तयार होतं.

मामा वाचले. पण हृदयाचा काही भाग कायमचा गेला. चढ चढवत नाही, शेतावर जाता येत नाही, ओट्यावर बसून असतात. तिथल्या डॉक्टरांनी आमच्यावर ठपका न ठेवता एवढंच सांगितलं की अशा झटक्यात जेवढं लवकर याल तेवढं हृदय जास्त वाचतं. लवकर आम्ही कुठून येणार होतो?

लातूरच्या त्या मुलासारखी किती पोरं वर्षानुवर्षं कंत्राटावर राबत आहेत. मुदतवाढीच्या काळात त्यांना पुढच्या वर्षी नोकरी आहे की नाही हेही ठाऊक नसतं. नवा येणार, तो ठेवणार की काढणार? कोर्टात कंपनीचा वकील असतो, सरकारचा असतो. या पोरांच्या वतीने तिथे कोण बोलतं?

मला काय हवंय ते सरळ लिहिते. ॲम्ब्युलन्सच्या टेंडरवरची हरकत ठरलेल्या मुदतीत निकाली लागावी, निवडणूक याचिकेसारखी रखडू नये. कंपनी-कंपनीतलं भांडण पैशावर मिटवा, हरलेल्याला भरपाई द्या, गाड्या अडवू नका. भ्रष्टाचाराचा आरोप असेल तर चौकशी कडक करा, पण तोपर्यंत जास्तीच्या गाड्या तात्पुरत्या तरी लावा, बोटी तरी लावा. मुदतवाढ द्यायचीच असेल तर तिच्यासोबत गाड्या वाढवण्याची अट घाला. आणि मुदतवाढ का दिली, कुणाच्या सहीने दिली, हे आरोग्य विभागाने जाहीर लिहावं. एवढं अवघड आहे का हे?

ते गृहस्थ उद्या ही पोस्ट वाचतील, आमचे कॉमन फ्रेंड बरेच आहेत. वाचा, जरूर वाचा. तुमच्याशी माझं वैर नाही. तुमची आई आमच्याच भागातली आहे, तिच्या माहेरचं गाव कुठे आहे तेही मला माहीत आहे. पाण्याच्या पलीकडेच.

या यादीत बरेच वकील मित्र आहेत, त्यांना माझा खरा प्रश्न: अशा खटल्यात पेशंटच्या वतीने, गावाच्या वतीने हस्तक्षेप अर्ज करता येतो का? दीर म्हणतो येतो, पण गावकऱ्यांची प्रतिज्ञापत्रं नीट हवीत. ती मी गोळा करेन. बामणोली, तापोळा, पाण्याकाठची सगळी गावं फिरायची माझी तयारी आहे, ग्रामपंचायतींचे ठरावही घेऊ. उच्च न्यायालयात काम करणाऱ्या कुणाची मदत मिळाली तर पुढच्या रविवारीच सुरुवात करते. मेसेज करा, किंवा खाली लिहा.