लपवायला काही नाही म्हणणाऱ्यांसाठी

"आपल्याकडं लपवायला काय आहे? ऐकेना का सरकार फोन!" बेळगावात हे वाक्य मी लग्नाच्या पंगतीपासून वकिलाच्या ऑफिसपर्यंत सगळीकडे ऐकतो. बोलणारी माणसं सरळ असतात, म्हणूनच ते जास्त लागतं. त्या सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, 'सिटिझनफोर' हा माहितीपट एकदा बघा. लॉरा पॉइट्रस यांचा हा माहितीपट 2014 सालचा. पुढच्या वर्षी त्याला ऑस्करही मिळालं.

जून 2013. हाँगकाँगमधल्या हॉटेलची एक खोली. 29 वर्षांचा एडवर्ड स्नोडेन पलंगावर बसून पत्रकारांना सांगतोय की तो जिच्यासाठी काम करत होता ती अमेरिकेची एनएसए ही गुप्तचर संस्था स्वतःच्याच नागरिकांवर कशी पाळत ठेवते. मारामारी नाही, पाठलाग नाही. हॉटेलच्या फोनमधून कोणी ऐकेल म्हणून तो फोनची वायर काढतो. पासवर्ड टाकताना डोक्यावरून लाल कापड ओढून घेतो. मध्येच आगीचा अलार्म वाजतो आणि सगळ्यांचे चेहरे बदलतात. चाचणी चालली होती एवढंच, पण त्या दोन मिनिटांत आपलाही श्वास अडकतो. भीती कशी असते हे मला कुठल्याच थरारपटानं इतकं दाखवलेलं नाही.

शहापुरात मामांच्या घरी आम्ही तो बघितला. सीमाभाग कर्नाटकात गेल्याच्या निषेधात एक नोव्हेंबरला निघणाऱ्या सायकल फेरीत मामा तरुणपणापासून असतात. अर्ध्यावर म्हणाले, "हे अमेरिकेचं झालं रे. आमचं काय ऐकायलेत ते?"

मामा, ऐकायची गरजच नाही. स्नोडेननं दिलेल्या कागदांतून जी पहिली बातमी आली ती व्हेरायझन या फोन कंपनीची. कंपनीनं सगळ्या ग्राहकांच्या कॉलचा तपशील रोजच्या रोज एनएसएला द्यावा, असा गुप्त न्यायालयाचा आदेश होता. कुठल्या नंबरवरून कुठल्या नंबरला, किती वाजता, किती वेळ, इतकंच. बोलणं त्यात नव्हतं. आता हेच आपल्याकडे लावून बघा. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात एका कार्यकर्त्याच्या फोनवरून छापखान्याला कॉल, मंडपवाल्याला कॉल, खानापूरच्या दोघांना, येळ्ळूरच्या एकाला, रात्री अकराला निपाणीला. एक शब्दही न ऐकता फेरी कोण उभी करतंय हे कळलं. सकाळी कोणाच्या दारात जायचं तेही कळलं. फेरी कायद्यानं गुन्हा ठरो न ठरो, माणसं आदल्या रात्रीच घरात बसवता येतात.

1986 च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात छगन भुजबळ वेषांतर करून बेळगावात शिरले होते. ती गोष्ट आपण अजून रंगवून सांगतो. आज सीमेवरचा कोगनोळी नाका ओलांडायच्या आत खिशातला मोबाईल टॉवरला सांगून मोकळा होईल.

आणि हा मराठी-कानडीचा विषय नाही, हे कृपा करून समजून घ्या. 1988 साली याच कर्नाटकात रामकृष्ण हेगडे यांना फोन टॅपिंगच्या आरोपांवरून मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. 2019 मध्ये पुन्हा तसलेच आरोप झाले आणि प्रकरण सीबीआयकडे गेलं. दोन्ही वेळा ज्यांचे फोन ऐकल्याचं बोललं गेलं त्यांत इथलेच कन्नड पुढारी होते.

आपल्याकडचा नियम काय, तर फोन ऐकायचा आदेश गृहसचिव देतो. 60 दिवसांसाठी, वाढवत 180 दिवसांपर्यंत. तो आदेश बरोबर की चूक हे बघणारी समितीही सरकारी अधिकाऱ्यांचीच. न्यायाधीश कुठेच नाही. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमतानं सांगितलं, तरी ही व्यवस्था तशीच राहिली. आणि आतून कोणी आवाज उठवायचं म्हटलं तर? असा गैरकारभार उघड करणाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा 2014 साली संसदेनं मंजूर केला, राष्ट्रपतींची सहीही झाली. तो अजून लागूच केलेला नाही.

स्नोडेनवर हेरगिरीच्या कायद्याखाली गुन्हे आहेत. पासपोर्ट रद्द झाल्यानं तो मॉस्कोच्या विमानतळावर अडकला आणि रशियातच राहिला. त्यानं रशियाचा आसरा घेतला म्हणून त्याला गद्दार म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. 2020 साली अमेरिकेच्याच अपील न्यायालयानं ती कॉलचा तपशील गोळा करायची योजना बेकायदा होती असं म्हटलं. हा माणूस बोललाच नसता तर त्या योजनेचा प्रश्न न्यायालयापुढे आला तरी असता का?

हिवाळी अधिवेशनाला आमदार सुवर्णसौधमध्ये, म्हणजे बेळगावातल्या विधानभवनात येतात तेव्हा आपण निवेदनं देतोच. या वेळी आणखी एक देऊया. फोन टॅप करायची परवानगी न्यायाधीशानंच द्यावी आणि तपास संपल्यावर त्या माणसाला तसं लेखी कळवावं, या दोनच मागण्या. मराठीतला मसुदा मी लिहितो. कानडीत नीट करून देणारं कोणी असेल तर खाली कळवा, सह्या दोन्हीकडच्या घेऊ.