एफएसआय द्या आणि गार्डन फुकट घ्या म्हणे

सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज परत फिरतोय. "न्यूयॉर्कने बिल्डरला जादा एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या मानाने जास्त बांधकाम, जादा मजले दिले, बदल्यात शहराला शेकडो बागा फुकट मिळाल्या, मेंटेनन्सही मालकच करतो, मुंबईतही हेच करा." सोबत धबधब्याचा सुंदर फोटो आणि खाली अंगठ्यांची रांग. म्हटलं एकदाचं उत्तर देऊनच टाकू.

आधी फोटो. हा न्यूयॉर्कचाच पेली पार्क, १९६७ चा, आणि गंमत म्हणजे तो जादा मजल्यांच्या बदल्यात मिळालेलाच नाही, विल्यम पेली नावाच्या टीव्ही कंपनीच्या प्रमुखाच्या फाउंडेशनने तो बांधला. म्हणजे स्कीमची जाहिरात आणि फोटो भलत्याचाच! जागा केवढी, तर ४,२०० चौरस फूट फक्त, पण मागच्या भिंतीवरून २० फुटांवरून पाणी कोसळतं त्यात गाड्यांचा आवाज बुडून जातो, वर झाडांची विरळ सावली, आणि खुर्च्या सुट्या, ज्याला ऊन हवं तो उन्हात ओढतो, दोघांना बोलायचं असेल तर समोरासमोर ठेवतात. बाग लोकांना आवडते ती अशा गोष्टींमुळे.

आता 'फुकट'. न्यूयॉर्कचा नियम १९६१ चा, आणि सगळ्यात दाट भागात हिशोब असा की एक चौरस फूट प्लाझा, म्हणजे लोकांसाठी मोकळी जागा सोडा, दहा चौरस फूट जादा बांधा. दहा पट! पालिकेने चेक फाडला नाही एवढंच, पण त्या जादा मजल्यांची सावली रस्त्यावरच पडते आणि तिथली माणसं त्याच ट्रेनमध्ये चढतात, त्याच पाइपातलं पाणी पितात. ह्याला फुकट म्हणायचं?

'शेकडो बागा' म्हणाल तर आकडा बरोबर आहे, बागा कुठायत? २००० साली हार्वर्डचे प्राध्यापक जेरॉल्ड केडन आणि न्यूयॉर्कच्या प्लॅनिंग खात्याने मिळून गणती केली, ३२० इमारतींच्या ५०३ जागा निघाल्या आणि त्यातल्या ४१ टक्के जवळपास बिनकामाच्या. कारण सुरुवातीच्या नियमात जागा मोकळी सोडा एवढंच होतं, बसायचं कुठे ते लिहिलंच नव्हतं, मग बिल्डरने फरशी घातली, कट्ट्यावर खिळे ठोकले, झाला प्लाझा. विल्यम व्हाइट नावाचा माणूस कॅमेरा घेऊन लोक कुठे टेकतात ते बघत बसला, निष्कर्ष काय तर बसायला असेल तिथे माणसं बसतात. हसा, पण हे नियमात यायला १९७५ उजाडलं. आता नव्या प्लाझाला दर ३० चौरस फुटांमागे एक फूट लांबीची बैठक द्यावीच लागते.

'मालक नीट सांभाळतो' हे तर सोडूनच द्या. २०१७ च्या न्यूयॉर्क शहराच्या ऑडिटमध्ये अशा ३३३ पैकी १८२ ठिकाणी ठरलेल्या सोयी नव्हत्या. ट्रम्प टॉवरची लॉबीही अशीच लोकांसाठी खुली जागा, तिथला लांबलचक बाक उडवून तिथे टोप्या-बिप्या विकायचा काउंटर लावलेला, २०१६ ला दंड झाला १०,००० डॉलर. फिफ्थ अव्हेन्यूसारख्या महागड्या रस्त्यावर ही रक्कम म्हणजे चहापाणी.

राहिलं 'मुंबईतही करा'. अहो, रहिवाशांसाठीची आरजी, म्हणजे सोसायटीतली खेळायची-फिरायची मोकळी जागासुद्धा इथे पोडियमवर, पार्किंगच्या छतावर चढली होती, किमान आरजी जमिनीवरच पाहिजे हे २०१३ ला सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं. बाहेरच्यांना कोण आत घेणार? मी अजिबात विरोधात नाहीये, करा की, पण बाक किती, झाडाला माती किती खोल, गेट किती वाजेपर्यंत उघडं, हे सगळं परवानगीच्या कागदावर असू दे आणि गेटवरच्या बोर्डवर पण, आणि दरवर्षी कोणीतरी टेप घेऊन मोजायला येऊ दे.

आमच्या जवळच्या एका टॉवरला अशी 'सर्वांसाठी खुली' बाग आहे. आईला घेऊन गेलो, तिचे गुडघे दुखतात, म्हटलं जरा बसेल. वॉचमनने रजिस्टर पुढे केलं, "कोणत्या फ्लॅटला?" बागेत म्हटल्यावर त्याने आधी कोणालातरी फोन लावला. बोर्ड होता हो, कुंडीतल्या बोगनवेलीच्या मागे. पाच मिनिटांनी आत सोडलं तर लॉन, कारंजं, 'लॉनवर बसू नये'ची पाटी, आणि बाक एकही नाही. आई कारंज्याच्या कठड्यावर टेकली तर शिट्टी वाजली.