बजीच्या टकलावर खोबरेल तेल लावू नका

बजी म्हणजे पिंजऱ्यात पाळतात तो छोटा पोपट (बजरीगर). त्याच्याबद्दल सध्या एक मेसेज फिरतोय: ‘बजीच्या डोक्यावरची पिसं गळली की ते मोल्टिंगच असतं, हळद घालून खोबरेल तेल लावा, पिसं परत येतात.’ यातला तेलाचा सल्ला पक्ष्याच्या जिवावर बेतू शकतो. तेलाने पिसं चिकटतात, अंगातली ऊब टिकत नाही, आणि चोचीने पिसं साफ करताना तेल पोटात जातं. जेमतेम ३०-४० ग्रॅमचा जीव तो!

मोल्टिंग म्हणजे जुनी पिसं झडून नवी येणं. त्यात पिसं थोडीथोडी गळतात आणि पांढरट आवरणातली बारीक काट्यांसारखी नवी पिसं डोकं वर काढतात. उघडी कातडी दिसत असेल, तर कारण वेगळं आहे. मुळात बजीची चोच स्वतःच्या डोक्यापर्यंत पोचतच नाही. त्यामुळे फक्त डोक्यावर किंवा मानेमागे टक्कल असेल, तर आधी पिंजऱ्यातल्या जोडीदारावर लक्ष ठेवा. बहुतेकदा तोच पिसं उपटत असतो. दोघांना वेगळं केलं की पिसं सहसा परत येतात. छातीवर किंवा पंखांखाली टक्कल असेल, तर पक्षी स्वतःच उपटत असू शकतो.

चोचीभोवती भोकाभोकांची पांढरी खपली दिसली तर तो माइट्सचा, म्हणजे कातडीतल्या सूक्ष्म किड्यांचा त्रास. औषध आहे, पण डोस वजनावर ठरतो, तेव्हा पक्ष्यांच्या डॉक्टरकडेच जा. पिल्लांची पंख-शेपटीची मोठी पिसं गळत असतील तर विषाणूची शक्यता असते. अशा पिल्लाला लगेच इतरांपासून वेगळं ठेवा.

तेलाचा तो मेसेज ज्यांना पाठवला असेल, त्यांना हेही जरूर पाठवा.